यंदा 'ब्रेन ट्यूमर डिटेक्शन' नको : प्रकल्प-मार्गदर्शकांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतले अंतिम वर्षाचे प्रकल्प-मार्गदर्शक आणि विभागप्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

मी न्यूरोसर्जन आहे. मेंदूतल्या गाठी काढणं हे माझं रोजचं काम. मार्चमध्ये एका कॉलेजच्या प्रकल्प-प्रदर्शनाला पाहुणी म्हणून गेले होते. एकाच रांगेतल्या तीन टेबलांवर एकच विषय होता: 'ब्रेन ट्यूमर डिटेक्शन युजिंग डीप लर्निंग'. पहिल्या टेबलावरच्या मुलीने लॅपटॉपवर एमआरआयचा एक फोटो टाकला, दोन सेकंद चक्र फिरलं आणि गाठीभोवती हिरवा चौकोन उमटला. खाली लिहून आलं, अचूकता ९८ टक्के. मी विचारलं, "हा पेशंट कोण? वय किती, उजव्या हाताचा की डावखुरा?" ती गोंधळली. म्हणाली, "मॅडम, हा कॅगलवरचा आहे." (कॅगल म्हणजे फुकट डेटा मिळणारी वेबसाइट.)

मुलीचा काहीच दोष नाही. तिच्या गाइडने हाच विषय दिला, त्याच्या आदल्या वर्षीच्या बॅचनेही हाच केला, आणि ब्लॅक बुक, म्हणजे प्रकल्पाचा छापील अहवाल, तयार करायला जुन्या ब्लॅक बुकासारखा आधार नाही. म्हणून हे पत्र मुलांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. जुलै-ऑगस्टमध्ये विषय वाटले जातात, त्याआधी तुमच्या नजरेस पडावं एवढीच इच्छा.

आधी त्या ९८ टक्क्यांबद्दल. या प्रकल्पांत वापरल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध संचात ३,०६४ छायाचित्रं आहेत, पण पेशंट आहेत २३३, तेही चीनमधल्या दोन रुग्णालयांतले. म्हणजे एकेका माणसाच्या डोक्याचे सरासरी तेरा काप. मुलं सगळी छायाचित्रं पिसतात आणि ८० टक्के शिकवायला, २० टक्के परीक्षेला ठेवतात. मग एकाच माणसाचा सातवा काप शिकवणीत आणि आठवा काप परीक्षेत येतो. पेपर फुटल्यावर ९८ मार्क मिळतात त्यात नवल ते काय! पेशंटनुसार विभागणी करायला लावा, आकडा लगेच खाली येईल. पेशंटनुसार विभागणी केली होती का, हे मी तिन्ही टेबलांवर विचारलं. तिन्ही ठिकाणी शांतता.

पण माझं खरं म्हणणं हे नाही. तो आकडा अगदी खरा असता तरी मला त्याचा उपयोग नव्हता. पेशंट माझ्यासमोर बसतो तेव्हा त्याच्या काखेत एमआरआयचं ते मोठं पाकीट असतं आणि गाठ आहे हे त्याच्या मेहुण्यालासुद्धा माहीत असतं. स्कॅनवर गाठ ओळखणं ही माझी अडचण नाही. माझी अडचण कवटी उघडल्यावर सुरू होते.

ग्लायोब्लास्टोमा नावाची गाठ आहे, मेंदूत उगम पावणाऱ्या गाठींतली सगळ्यांत वाईट. ती लिंबासारखी अलगद सोलून निघत नाही. सुती साडीवर चहा सांडावा तशी पसरते: मध्ये गडद, मग फिकट, मग कुठे संपली ते सांगता येत नाही. मायक्रोस्कोपच्या पांढऱ्या उजेडात गाठीची कड आणि निरोगी मेंदू जवळपास सारखेच दिसतात. जास्त काढलं तर माणसाची वाचा जाईल, हात लुळा पडेल. कमी काढलं तर उरलेलं काही महिन्यांत पुन्हा वाढेल. पोटाच्या शस्त्रक्रियेत सर्जन गाठीभोवतीचं दोन बोटं निरोगी आतडं सोबत काढतो आणि निर्धास्त होतो. मेंदूत दोन बोटं म्हणजे काय, ते तुम्हीच विचार करा.

यावर एक सुंदर उपाय निघाला. भूल द्यायच्या साधारण तीन तास आधी पेशंटला ५-अमिनोलेव्हुलिनिक ॲसिड पाण्यातून प्यायला देतात. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, सगळे त्याला फाइव्ह-एएलए म्हणतात. गाठीच्या पेशी त्यापासून प्रोटोपॉर्फिरिन नावाचं द्रव्य बनवतात आणि ते त्यांच्यातच साचून राहतं. त्यावर ४०५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा-जांभळा प्रकाश टाकला की ते ६३५ नॅनोमीटरच्या लाल रंगात चमकतं. ओटीतले दिवे मालवायचे, मायक्रोस्कोपचं बटण दाबायचं. निरोगी मेंदू निळसर दिसतो आणि गाठ राखेखालच्या निखाऱ्यासारखी लाल. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सक्शन हातात धरून मी नुसती बघत राहिले होते. कडेकडेला मात्र हा निखारा फिका होत गुलाबी होतो, आणि मग निळ्यात विरून जातो.

जर्मनीत याची मोठी चाचणी झाली. २००६ साली निष्कर्ष आले. स्कॅनवर दिसणारी गाठ पूर्ण निघाली असे पेशंट नेहमीच्या उजेडात ३६ टक्के होते, निळ्या उजेडात ६५ टक्के. सहा महिन्यांनी आजार न वाढलेले २१ टक्क्यांवरून ४१ टक्क्यांवर गेले. एकूण आयुष्य किती वाढलं यात मात्र दोन गटांत ठळक फरक दिसला नाही, तेही सांगायला हवं. युरोपात २००७ मध्ये आणि अमेरिकेत २०१७ मध्ये याला मान्यता मिळाली. आपल्याकडे हे औषध महाग पडतं, म्हणून पुष्कळ ठिकाणी डोळ्यांचे डॉक्टर वापरतात ते फ्लुरोसिन शिरेतून देऊन पिवळ्या फिल्टरखाली काम चालवतात. ते स्वस्त आहे, पण गाठीच्या पेशी ओळखत नाही. जिथे रक्तवाहिन्यांची भिंत फुटली आहे तिथे झिरपतं, एवढंच. चालतं. अडलं नडलं की सगळं चालतं.

आता मूळ मुद्दा. काही वर्षांपूर्वी मी एका शाळामास्तरांची गाठ काढली. डावा टेम्पोरल लोब, म्हणजे मेंदूचा कानाजवळचा भाग. निळ्या उजेडात शेवटी सगळी पोकळी नीट पाहिली, कुठेही लाल नाही, गुलाबी नाही. समाधानाने बंद केलं. दोन दिवसांनी एमआरआय केला तर पुढच्या भिंतीला, वरून मेंदूचा काठ जिथे छज्जासारखा पुढे आला होता त्याच्या खाली, सात-आठ मिलिमीटरची पांढरी कड. गाठ शिल्लक होती. मी तिथे पाहिलं होतं. मला काही दिसलं नव्हतं.

दिसलं नव्हतं याचे दोन अर्थ होतात. एक, त्या जागी चमकणारं द्रव्यच नव्हतं. दोन, द्रव्य होतं पण माझा निळा प्रकाश तिथवर पोचला नाही, किंवा पोचला आणि तिथून निघालेला लाल प्रकाश माझ्या डोळ्यापर्यंत आला नाही. मेंदूच्या त्या कोपऱ्यात यातलं काय घडलं हे मला आजही सांगता येत नाही. तुमच्या विद्यार्थ्यांना सांगता येऊ शकतं.

कसं ते सांगते. भौतिकशास्त्र मी बारावीनंतर सोडलं, तेव्हा चूक असेल तर कान धरा. मायक्रोस्कोप वरून प्रकाश टाकतो. पोकळीचा तळ त्याच्या समोर असतो, पण भिंती तिरक्या असतात. ८० अंश कललेल्या भिंतीवर समोरच्या पृष्ठभागाच्या साधारण सहावा हिस्साच प्रकाश पडतो. छज्जाखाली थेट काहीच पडत नाही, इकडून तिकडून परावर्तित होऊन येईल तेवढाच. त्यात रक्त. हिमोग्लोबिन हे निळ्या-जांभळ्या प्रकाशाचं हाडवैरी आहे. ६३५ च्या लाल प्रकाशापेक्षा ४०५ चा प्रकाश ते शेकडो पटींनी जास्त शोषतं. केसाच्या जाडीइतका रक्ताचा थर भिंतीवर असला की निळा प्रकाश तिथेच गडप, आणि खालची गाठ गप्प. त्याशिवाय मेंदूत प्रकाश सरळ जात नाही. जेमतेम दशांश मिलिमीटर गेला की कशावर तरी आदळून दिशा बदलतो. पांढऱ्या भागात तर करड्या भागापेक्षाही जास्त आदळतो. निळा प्रकाश मिलिमीटरभरही धड उतरत नाही, लाल काही मिलिमीटर प्रवास करतो. आणि शेवटचं म्हणजे, उजेडात राहून राहून ते द्रव्य स्वतःच फिकं पडत जातं. तीन तास पांढऱ्या उजेडात काम केल्यावर निळं बटण दाबलं, तर वरच्या थरातला निखारा आधीच थोडा विझलेला असतो.

इतक्या गोष्टी एकाच वेळी घडत असताना कागदावर समीकरण सोडवून उत्तर मिळत नाही. इथे मॉन्टे कार्लो पद्धत कामाला येते. तुमच्यातले काहीजण ती वर्गात शिकवतही असतील, बहुधा पाय या संख्येची किंमत काढायला. तिचा जन्म मला फार आवडतो. १९४६ साली स्टॅनिस्लाव उलाम हा गणिती मेंदूच्या दाहाने आजारी पडला, त्याच्या कवटीला भोक पाडून शस्त्रक्रिया करावी लागली. बरा होताना तो पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव मांडत बसे. डाव सुटण्याची शक्यता किती, हे गणिताने काढता काढता त्याच्या मनात आलं, त्यापेक्षा शंभर डाव खेळून किती सुटतात ते मोजलं तर? पुढे ती कल्पना अणुबॉम्बच्या न्यूट्रॉनांसाठी वापरली गेली. माझ्या दृष्टीने ती एका न्यूरोसर्जरीच्या पेशंटची कल्पना आहे आणि आता घरी परत यायला हवी.

प्रकाशाच्या बाबतीत डाव असा. फोटॉनांचं, म्हणजे प्रकाशकणांचं, एक पुडकं घ्यायचं, त्याचं वजन एक धरायचं. रँडम नंबर टाकून ते किती अंतर जाईल ते ठरवायचं. तिथे पोचलं की शोषणाच्या प्रमाणात त्याचं वजन थोडं कमी करायचं. पुन्हा रँडम नंबर, आता कुठल्या दिशेला वळेल ते. वळण किती हे ठरवायला जे सूत्र वापरतात ते हेन्यी आणि ग्रीनस्टीन या दोघांनी १९४१ मध्ये आकाशगंगेतल्या धुळीवरून विखुरणाऱ्या ताऱ्यांच्या उजेडासाठी मांडलं होतं. तेच आता मेंदूत चालतं. वजन अगदी क्षुल्लक झालं की दहातल्या एकाला जीवदान देऊन बाकीचे बाद. असं कोट्यवधी वेळा केलं की कुठल्या बिंदूवर किती निळा प्रकाश पोचला याचा नकाशा तयार होतो. मग त्या बिंदूंतून लाल फोटॉन सोडायचे आणि मायक्रोस्कोपच्या भिंगात किती परत येतात ते मोजायचं.

यासाठी महासंगणक लागत नाही. स्टीव्हन जॅक्स आणि लिहाँग वाँग यांनी थराथरांच्या ऊतींसाठी लिहिलेला एमसीएमएल हा प्रोग्राम १९९० च्या दशकापासून सगळ्यांना खुला आहे, साध्या सी भाषेत. कियानकियान फांग आणि डेव्हिड बोआस यांनी २००९ मध्ये ग्राफिक्स कार्डावर चालणारा एमसीएक्स काढला, जो साध्या प्रोसेसरपेक्षा शेकडो पटींनी वेगात चालतो आणि कुठल्याही वेड्यावाकड्या आकाराला लागू पडतो. मुलांच्या ज्या लॅपटॉपवर रात्री गेम चालतात त्याच लॅपटॉपवर हे चालेल. पुण्याला आयसर या विज्ञानसंस्थेत परम ब्रह्म हा महासंगणक आहे, महासंगणक बनवणाऱ्या सी-डॅकची परंपरा आहे, हे सगळं भूषणावह आहेच. पण या प्रकल्पासाठी तिथे अर्ज करून वाट बघायची गरज नाही.

मग मुलांनी करायचं काय? शस्त्रक्रियेनंतरच्या एमआरआयवरून पोकळीचा आकार घ्यायचा. ओळख पुसलेले असे स्कॅन नैतिकता समितीच्या परवानगीने मिळू शकतात, त्यासाठी आमच्यासारख्यांनी तुमच्याबरोबर अर्जावर सही करायला हवी. त्या आकारात छज्जाखाली दोन मिलिमीटरची गाठ ठेवून द्यायची. वरून निळा दिवा. दिव्याचा कोन बदलत जायचा. रक्ताचा थर आधी शून्य, मग केसाएवढा, मग त्याच्या दुप्पट. आणि उत्तर असं हवं: अमुक कोनात, अमुक थराखाली, इतकं द्रव्य असूनही डोळ्याला काही दिसणार नाही. मला पडद्यावर हिरवा चौकोन नको. पोकळीच्या भिंतीवर 'इथला अंधार विश्वासाचा नाही' असे करडे पट्टे मारून द्या. तेवढ्यावर मी मायक्रोस्कोप कलता करीन, पॅटी (कापसाची ओली पट्टी) लावून भिंत पुन्हा टिपून घेईन, गरज पडल्यास एंडोस्कोप आत घालून पाहीन. शाळामास्तरांच्या वेळी मला एवढंच कोणी सांगायला हवं होतं.

हे अगदीच हवेतलं नाही. अमेरिकेतल्या डार्टमथ आणि कॅनडातल्या टोरोंटोच्या गटांनी २०११ च्या सुमारास एक बारीक प्रोब मेंदूला टेकवून, ऊतीने केलेलं शोषण आणि विखुरणं वजा करून द्रव्याचं खरं प्रमाण मोजलं. डोळ्याला जिथे काहीच दिसत नव्हतं अशा ठिकाणीही ते सापडलं. अशा दुरुस्तीच्या गणितामागे आणि ती तपासण्यामागे सिम्युलेशन आणि कृत्रिम नमुने असतात.

आता तुमच्या मनातला आक्षेप: "मॅडम, प्रयोग कुठे करणार? मेंदू कुठून आणणार?" मेंदू आणू नका. हे मी घरी केलं आहे, माझ्या मुलीबरोबर, ओट्यावर. पालकाची चार पानं स्पिरिटमध्ये चुरून गाळून घ्या. हिरवं पाणी मिळेल. नोटा तपासायचा जांभळा टॉर्च त्यावर मारा (डोळ्यांत नको). हिरवं पाणी रक्तासारखं लाल चमकेल. हरितद्रव्य आणि आमचं प्रोटोपॉर्फिरिन हे चुलत भावंडं आहेत, झाड हरितद्रव्य बनवतं तेव्हा त्या वाटेवर हेच द्रव्य लागतं. आता ती छोटी बाटली पाणी घातलेल्या दुधाच्या काचेच्या ग्लासात उभी करा आणि हळूहळू काचेपासून दूर सरकवा. निखारा गुलाबी होतो, मग नाहीसा होतो. दूध म्हणजे मेंदूचं विखुरणं. आता आकाशकंदिलाचा लाल जिलेटिन कागद घ्या. डोळ्यासमोर धरलात तर लाल चमक दिसत राहते. तोच कागद टॉर्चसमोर धरलात तर चमक बहुतेक विझते. रक्त काय करतं ते यात आलं: येणारा निळा अडवतं, जाणाऱ्या लालला वाट देतं. माझ्या मुलीने विचारलं, "मग तू रक्त पुसून का नाही बघत?" पुसते ग. परत येतं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत हेच नीट करता येईल. विखुरण्यासाठी इन्ट्रालिपिड, म्हणजे तोंडाने खाता न येणाऱ्या पेशंटना शिरेतून देतात ते दुधी औषध. शोषणासाठी काळी शाई. घट्ट करायला जिलेटिन. आकार थ्री-डी प्रिंटरवरच्या साच्यात ओतायचा, कॅमेऱ्यासमोर लाल फिल्टर लावायचा, आणि सिम्युलेशनने जे सांगितलं तेच कॅमेरा सांगतो का ते पाहायचं. सिव्हिलवाले काँक्रीटचे क्यूब दाबून बघतात की नाही? तसंच.

एक सावधगिरी मात्र आवर्जून. सिम्युलेशनला जे आकडे भराल तेच त्यातून फुगून बाहेर येतात. मेंदूचं शोषण किती, विखुरणं किती, याचे छापील आकडे वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे वेगवेगळे आहेत. काही मोजमापं मृत, रक्त निथळलेल्या ऊतीवर केलेली आहेत. मुलांनी एकच आकडा उचलून रंगीत चित्र काढलं तर ते ९८ टक्क्यांच्या हिरव्या चौकोनाचंच भावंडं होईल. आकडा दुप्पट केला, निम्मा केला, तरी निष्कर्ष टिकतो का, हे दाखवलं तर मार्क द्या. आणि टिकत नाही असं प्रामाणिकपणे लिहिलं तर जास्त द्या.

ज्यांना डीप लर्निंग सोडवतच नाही त्यांनाही इथे जागा आहे. सिम्युलेशनमधून हवे तितके नमुने तयार होतात आणि प्रत्येकाचं खरं उत्तर आपल्याला माहीत असतं, कारण गाठ आपणच ठेवलेली असते. त्यावर तुमचं न्यूरल नेटवर्क शिकवा, नंतर जिलेटिनच्या नमुन्यावर तपासा.

मेकॅनिकलच्या गाइडना वाटेल आपली सुटका झाली. नाही. कवटी उघडून मेंदूभोवतीचं पाणी वाहून गेलं की मेंदू खाली बसतो, सेंटीमीटरभरसुद्धा. सकाळच्या स्कॅनवर चालणारं नेव्हिगेशन, म्हणजे हत्यार मेंदूत कुठे आहे ते दाखवणारं यंत्र, मग शेजारचं घर दाखवू लागतं. खरवसाएवढ्या मऊ पदार्थाचं फायनाइट एलिमेंट मॉडेल (बारीक तुकड्यांत विभागून केलेलं गणित) करून तो कुठे सरकला ते सांगणं हा तुमचा विषय. त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल.

आमच्या बाजूची चूकही कबूल करते. आम्ही डॉक्टर ओटीचं दार लावून घेतो, इंजिनिअर आले तर ते काहीतरी विकायला आले असं समजतो, आणि मुलांनी पाठवलेल्या ईमेलला उत्तर देत नाही. मीही दिलेलं नाही. त्या तीन टेबलांपैकी एका टेबलावरच्या मुलाने आदल्या सप्टेंबरमध्ये मला लिहिलं होतं, हे त्याने त्या दिवशी हळूच सांगितलं. तेव्हा उत्तर गेलं असतं तर त्याच्या टेबलावर कदाचित दुसरं काही असतं.

म्हणून या वर्षी विषय वाटण्याआधी आपापल्या गावातल्या न्यूरोसर्जनला गाठा. मेडिकल कॉलेज असेल तिथे सोपं जाईल. रुग्णालयाची आणि पेशंटची परवानगी घेऊन, एका वेळी दोनच मुलं, एक शस्त्रक्रिया. कपडे, टोपी, मास्क तिथेच मिळतात, चपला बाहेर काढायच्या, निळ्या चादरीला हात लावायचा नाही. निळा दिवा लागायला दुपार होते, तोवर चार-पाच तास उभं राहावं लागतं आणि पहिल्या तासाभरात एखादा घेरी येऊन बसतो. त्यांना सांगा, सकाळी पोटभर खाऊन या.

आपली,
एक न्यूरोसर्जन